पिसोरी आणि तिचं गोत



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी उभं आयुष्य प्राणिशास्त्र शिकवण्यात घालवलं. त्यांच्या स्मृतीला अभिवादन करून मी आज जो विषय मांडणार आहे, तो वजनाने जेमतेम तीन किलोचा आहे. वाघ-बिबट्यावर व्याख्यान ठेवलं तर सभागृह भरतं. पिसोरीवर ठेवूनही तुम्ही इतक्या संख्येने आलात, याबद्दल आधी आभार मानतो.

पिसोरी म्हणजे भारतात आढळणारा सर्वांत लहान खुरी प्राणी. सह्याद्रीच्या काही भागांत तिला गेळाही म्हणतात. खांद्याशी उंची फार तर एक फूट. अंग तपकिरी, त्यावर पांढऱ्या ठिपक्यांच्या आणि पट्ट्यांच्या आडव्या ओळी, गळ्याशी पांढरे पट्टे. पाठ मागच्या बाजूला उंचावलेली, मान आखूड, डोळे मोठे आणि पाय पेन्सिलीएवढे बारीक. शिंगं नराला नाहीत आणि मादीलाही नाहीत. ती रात्री हिंडते, दिवसा खडकाच्या कपारीत, पोकळ ओंडक्यात किंवा दाट झाडोऱ्यात बसून राहते. चाहूल लागली की जागच्या जागी थिजते, आणि ठिपक्यांमुळे पालापाचोळ्यात दिसेनाशी होते. म्हणून जंगलात जन्म काढलेल्या माणसांनीही तिला क्वचितच धडपणे पाहिलेलं असतं.

आपण तिला ‘पिसोरी हरीण’ म्हणतो. प्राणिशास्त्राच्या हिशेबाने ती हरीण नाही. रवंथ करणाऱ्या प्राण्यांचं घराणं फार जुन्या काळी दोन शाखांत फुटलं, साधारण चार ते पाच कोटी वर्षांपूर्वी. एका शाखेत गाय, म्हैस, शेळी, मेंढी, चितळ, सांबर, काळवीट, जिराफ, कस्तुरीमृग असे दोनशेच्या आसपास प्राणी आले. दुसऱ्या शाखेत आज पिसोरी आणि तिची भावंडं उरली आहेत, एकूण जेमतेम दहा जाती. म्हणजे चितळ हा पिसोरीपेक्षा तुमच्या गोठ्यातल्या गाईला जवळचा आहे.

हे नातं उलगडायला वेळ लागला. रॉबर्ट नॉक्स नावाचा इंग्रज खलाशी श्रीलंकेत कँडीच्या राजाच्या कैदेत बरीच वर्षं अडकून पडला होता. सुटून गेल्यावर १६८१ साली त्याने त्या बेटाचा वृत्तांत छापला. त्यात सशाएवढ्या, करड्या रंगाच्या, पांढऱ्या ठिपक्यांच्या, हुबेहूब हरणासारख्या एका प्राण्याची नोंद आहे, आणि तिथलं नावही दिलं आहे: मेमिन्ना. पुढे १७७७ मध्ये अर्क्सलेबेन या जर्मन अभ्यासकाने तेच नाव शास्त्रीय नावात घेतलं, मात्र प्राण्याला कस्तुरीमृगाच्या दावणीला बांधलं. कारण उघड होतं. दोघांनाही शिंगं नाहीत आणि दोघांच्याही नरांना सुळे आहेत. पॅरिसच्या आल्फोन्स मिल्न-एडवर्ड्स यांनी १८६४ मध्ये शरीररचनेचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला आणि दाखवून दिलं की हे साम्य वरवरचं आहे. कस्तुरीमृग गाय-हरणांच्या शाखेतला, आणि पिसोरी स्वतंत्र कुळातली.

आता या कुळाला ‘आदिम’ का म्हणतात, ते जरा जवळून पाहू.

पोटापासून सुरुवात करू. गाईच्या पोटाचे चार कप्पे असतात, हे आपण शाळेत शिकलो. त्यांतला घड्याघड्यांचा तिसरा कप्पा पिसोरीच्या कुळात जवळजवळ नसल्यातच जमा आहे. रवंथ मात्र ती व्यवस्थित करते. पायांकडे पाहिलं तर गाईच्या बाजूच्या दोन बोटांचे फक्त अवशेष राहिलेत. पिसोरीच्या प्रत्येक पायाला चार बोटं असून बाजूच्या बोटांची हाडं वरपर्यंत अखंड आहेत. आफ्रिकेतल्या तिच्या नातलगाच्या पुढच्या पायात तर मधली दोन लांब हाडंही एकमेकांना जुळलेली नाहीत. ती सुटी ठेवणारा आज जिवंत असलेला तो एकमेव रवंथ करणारा प्राणी. गाय-शेळीची वार ठराविक ठिकाणीच गर्भाशयाला चिकटते, पिसोरीच्या कुळात ती सगळीकडे पसरून चिकटलेली असते. नराचे वरचे सुळे ओठांबाहेर डोकावतात, आणि नर भांडतात ते त्यांनीच.

ही झाली वेगळेपणाची यादी. ती वाचून हा प्राणी रवंथ करणाऱ्यांतला आहे तरी कशावरून, असा प्रश्न पडेल. त्याचं उत्तर घोट्यात आहे. मागच्या पायाच्या घोट्यात घनास्थी आणि नौकास्थी अशी दोन छोटी हाडं असतात. डुकराच्या घोट्यात ती सुटी असतात. उंटाच्याही घोट्यात सुटीच असतात, म्हणून उंट रवंथ करत असला तरी तो या घराण्यातला नव्हे. गाय, शेळी, चितळ, जिराफ यांच्या घोट्यात मात्र ही दोन हाडं जुळून एकच हाड झालेलं असतं. पिसोरीच्या घोट्यात, नखाएवढ्या जागेत, तेच जोडहाड आहे. जीवाश्मांच्या अभ्यासकाला सबंध सांगाडा क्वचितच मिळतो. एवढं एक हाड हाती आलं तरी तो हे घराणं ओळखतो.

या घराण्याचे पूर्वज असेच बेताच्या अंगाचे होते. मंगोलियाच्या पठारावरच्या इओसीन काळातल्या थरांतून आर्किओमेरिक्स हा प्राणी मिळाला. मॅथ्यू आणि ग्रेंजर यांनी १९२५ मध्ये त्याचं वर्णन केलं. लांब शेपटीचा, बारीक अंगाचा, बिनशिंगी. आजच्या रवंथ करणाऱ्यांना वरचे पुढचे दात नसतात, ते या प्राण्याला अजून होते. अमेरिकेत दक्षिण डकोटाच्या उजाड घळींत लेप्टोमेरिक्सचे जबडे इतके मिळतात की तिथल्या प्राचीन जंगलात हा प्राणी किती सर्रास असेल याची कल्पना यावी. जोसेफ लायडी यांनी त्याला १८५३ मध्ये नाव दिलं. दिसायला हे सगळे पिसोरीसारखे, पण ही निराळी कुळं होती आणि ती संपली. पिसोरीच्या थेट कुळातला सर्वांत जुना जीवाश्म थायलंडमधल्या क्राबीच्या कोळसाखाणीतून आला. त्याचं वय सुमारे साडेतीन कोटी वर्षं.

या कुळाची भरभराट मात्र नंतरची, मायोसीन काळातली. जर्मनीतल्या एपेल्सहाइमच्या वाळूथरांतून मिळालेल्या अवशेषांना योहान काउप यांनी १८३३ मध्ये डॉर्काथेरियम हे नाव दिलं. गंमत बघा: त्याच्याशी विलक्षण साम्य असलेला आफ्रिकेतला पाणपिसोरी हा जिवंत प्राणी शास्त्राला कळला १८४१ मध्ये, विल्यम ओगिल्बी यांच्यामुळे. म्हणजे मेलेल्या नातलगाची ओळख आधी झाली आणि जिवंताची आठ वर्षांनी.

आपल्या उपखंडात या कुळाचं माहेर म्हणजे शिवालिक. पंजाबातल्या पोटवार पठारापासून जम्मू आणि हिमाचलच्या पायथ्यापर्यंत पसरलेल्या या थरांत त्यांचे दात आणि जबडे भरपूर मिळतात. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातले गाय पिलग्रिम यांनी १९१० मध्ये इथल्याच अवशेषांवरून डॉर्काब्यून ही नवी प्रजाती मांडली. अंगाने चांगली थोराड, आणि दाढांचे उंचवटे बोथट, डुकराच्या दाढांची आठवण करून देणारे. सशाएवढ्यापासून मोठ्या हरणाएवढ्यापर्यंत या कुळातले प्राणी तेव्हा शिवालिकच्या दमट जंगलात एकत्र नांदत होते.

मग गवत आलं. सुमारे ऐंशी लाख ते साठ लाख वर्षांपूर्वी या प्रदेशाचं हवामान कोरडं आणि अधिक ऋतुबद्ध होत गेलं. जंगल विरळ झालं, उष्ण प्रदेशातल्या गवतांनी मैदानं व्यापली. ही गोष्ट जुन्या मातीतल्या आणि प्राण्यांच्या दातांतल्या कार्बनवरून कळते. गवत चावून चावून दात झिजतात, त्यासाठी उंच दाढा लागतात. मोकळ्या रानात लपायला जागा नसते, त्यासाठी लांब पाय आणि कळप लागतो. गाय-हरणांच्या शाखेकडे या गोष्टी होत्या किंवा त्यांनी त्या कमावल्या. पिसोरीच्या कुळाने ती वाट धरली नाही. शिवालिकच्या वरच्या थरांत त्यांचे अवशेष तुरळक होत जातात. युरोपातूनही ते नाहीसे झाले. जिथे सावली, ओल आणि पडलेली फळं शिल्लक राहिली तिथेच ते टिकले: पश्चिम आणि मध्य आफ्रिकेची वर्षावनं, आग्नेय आशिया, श्रीलंका आणि आपला दख्खनचा द्वीपकल्प.

जम्मू भागातल्या आणखी एका प्राण्याचा उल्लेख इथे करायलाच हवा. तो पिसोरीच्या कुळातला नाही, पण तिच्यामुळे त्याचं जगणं समजायला मदत झाली. ए. रंगा राव या भूवैज्ञानिकांनी राजौरी जिल्ह्यातल्या कालाकोटहून इओसीन काळातले खडक गोळा केले होते. १९७१ मध्ये त्यांनी त्यांतल्या एका छोट्या खुरी प्राण्याला इंडोहायस हे नाव दिलं. बरेच खडक न फोडताच राहिले. त्यांच्या निधनानंतर पत्नीने ते हान्स थेविसेन या अभ्यासकाकडे सोपवले. खडक साफ करताना तंत्रज्ञाच्या हातून एक कवटी चुकून तुटली, आणि कानाच्या हाडाची आतली भिंत उघडी पडली. ती कमालीची जाड होती. अशी जाड भिंत तोवर फक्त देवमाशांच्या घराण्यात माहीत होती. २००७ मध्ये ‘नेचर’मध्ये हे संशोधन आलं. लेखकांत रुरकीचे सुनील बाजपेयीही होते. मांजराहून थोडा मोठा, दिसायला थेट पिसोरीसारखा हा प्राणी देवमाशांचा सर्वांत जवळचा नातलग ठरला. त्याच्या पायांची हाडंही पाण्यात वावरणाऱ्या प्राण्यांसारखी भरीव होती.

जमिनीवर चरणारा एवढासा प्राणी पाण्यात कशाला जाईल? या प्रश्नावर संशोधकांनी आफ्रिकेतल्या पाणपिसोरीकडे बोट दाखवलं. गॅबनच्या जंगलात झेरार द्युबो यांनी १९७०च्या दशकात तिचा अभ्यास केला. ती एकटी राहते, ओढ्या-नद्यांच्या आसपासच वावरते, पडलेली फळं खाते, अधूनमधून किडे, खेकडे, मेलेले मासेही. शत्रू मागे लागला की सरळ पाण्यात बुडी मारते. फार वेळ पोहायचा दम तिच्यात नाही, पण जीव वाचवण्यापुरतं तेवढं पुरतं. पुढे बोर्निओ आणि श्रीलंकेतूनही पिसोऱ्या पाण्यात दडी मारतात अशा नोंदी आल्या. श्रीलंकेतल्या एका नोंदीत मुंगूस मागे लागलं होतं.

म्हणजे ‘आदिम’ म्हणून आपण ज्याला बाजूला सारतो, तो प्राणी पाच कोटी वर्षांपूर्वीच्या जगण्याचा जिवंत दाखला ठरतो. पण एवढ्यावर थांबलो तर आपण पुन्हा तिला संग्रहालयातच ठेवू. पिसोरी ही थांबून राहिलेली गोष्ट नाही. आग्नेय आशियातल्या पिसोऱ्यांचं रक्त पाहा. माणसाची तांबडी पेशी सात ते आठ मायक्रॉन व्यासाची असते, यांची दीड मायक्रॉनच्या आसपास, आणि चपटी नसून गोल. सस्तन प्राण्यांत एवढी लहान पेशी दुसऱ्या कुणाची नाही. तिथली मादी पिल्लाला जन्म दिल्यावर काही तासांतच पुन्हा गाभण राहू शकते, म्हणजे प्रौढ आयुष्यातला बहुतेक काळ ती गाभणच असते. ज्याला पुष्कळ जण खातात, त्या प्राण्याचा हा हिशेब आहे. घोट्यातलं हाड जुनं असेल, रक्त आणि वीण मात्र तिची स्वतःची कमाई आहे. माझं आजचं म्हणणं एवढंच आहे: आदिम हा शब्द अवयवाला लावावा, प्राण्याला लावू नये.

मलय लोकांनी हे फार पूर्वी ओळखलं. त्यांच्या लोककथांतला सांग कांचिल हा चतुर नायक म्हणजे पिसोरीच. मगरींना रांगेत उभं करून त्यांच्या पाठीवरून नदी ओलांडणारा. मलाक्का शहराच्या स्थापनेची कथाही तिच्याशी जोडलेली आहे. राजा परमेश्वर शिकारीला निघाला असताना झाडाखाली विसावला. त्याच्या कुत्र्याला एका इवल्याशा पिसोरीने लाथ मारून पाण्यात ढकललं. जिथे एवढासा प्राणी एवढा शूर, तिथेच शहर वसवावं, असं राजाने ठरवलं. ते झाड मलाक्काचं, म्हणजे आपलं आवळ्याचं. मलाक्काच्या मानचिन्हावर आजही पिसोऱ्यांची जोडी आहे.

आवळ्याखाली पिसोरी हे दृश्य कथेपुरतं नाही. आपल्या जंगलातही पडलेले आवळे हरणं खातात, तसेच पिसोरीही खाते. गर पोटात जातो, आठळी पचत नाही. रवंथ करताना ती दूर कुठेतरी बाहेर टाकली जाते. तीन किलोच्या या प्राण्याचं जंगलाला हे देणं आहे.

आता कळीचा प्रश्न. हा प्राणी आज धोक्यात आहे का? जागतिक पातळीवर भारतीय पिसोरीची गणना सध्या चिंतेबाहेरच्या जातींत होते. पण या कुळाबाबत निर्धास्त राहू नये, हे व्हिएतनामने शिकवलं. तिथली रुपेरी पाठीची पिसोरी ओल्डफील्ड थॉमस यांनी १९१० मध्ये न्हा त्रांगहून आलेल्या नमुन्यांवरून ओळखली. १९९० मध्ये एका शिकाऱ्याकडून तिचा एक नमुना मिळाला आणि त्यानंतर पुराव्यादाखल काहीच नाही. अन न्युएन आणि सहकाऱ्यांनी गावकऱ्यांना आणि वनरक्षकांना विचारायला सुरुवात केली. करड्या पाठीची पिसोरी आम्ही पाहतो, असं ते सांगत होते. त्यांच्या सांगण्यावरून लावलेल्या कॅमेऱ्यांत ती आली आणि २०१९ मध्ये जगाला कळलं. प्राणी हरवला नव्हता, आपणच योग्य माणसांना विचारलं नव्हतं. त्या देशातल्या जंगलांना पोखरणारा मोठा धोका म्हणजे फासकी. सायकलच्या तारेचं एक फासकं कुठली जात अडकली ते पाहत नाही.

हैदराबादच्या नेहरू प्राणिसंग्रहालयात पेशीय व रेणवीय जीवशास्त्र केंद्राच्या मदतीने २०१० पासून पिसोऱ्यांची पैदास सुरू झाली. २०१७ मध्ये तेलंगणातल्या अमराबाद व्याघ्र प्रकल्पात आठ पिसोऱ्या सोडण्यात आल्या. काम उत्तमच आहे. पण पिंजऱ्यात जन्मलेल्या प्राण्याला सोडायचं कुठे, हा प्रश्न शेवटी जंगलाच्या जमिनीपाशी येऊन थांबतो.

जमिनीपाशी असं मी मुद्दाम म्हणतो. महाराष्ट्रात कोयना-चांदोलीपासून राधानगरीपर्यंत आणि तिकडे मेळघाटात पिसोरी आहे. गोव्यात मोलेच्या जंगलात आहे. वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत तिचं नाव आहे, म्हणजे कायद्याने तिला वाघाइतकंच संरक्षण आहे. तरीही आपण जंगल मोजतो ते झाडांच्या माथ्यावरून किंवा वाघांच्या पट्ट्यांवरून. पिसोरीचं जग गुडघ्याच्या खाली आहे: झाडोरा, कारवी, पालापाचोळा, पोकळ ओंडके, ओढ्याकाठची ओल. वरची झाडं उभी ठेवून खालचा झाडोरा साफ केला, तर उपग्रहाच्या चित्रात जंगल हिरवंच दिसतं आणि पिसोरीचं घर मात्र गेलेलं असतं. फेब्रुवारीत लागलेला वणवा मोठी झाडं सोसतात. पाचोळ्यात थिजून बसण्याची जिला सवय, तिला तो सोसत नाही. थिजण्याची युक्ती बिबट्यापुढे चालते, बॅटरीच्या झोतापुढे आणि मोकाट कुत्र्यांपुढे चालत नाही.

म्हणून सह्याद्रीच्या कुशीतल्या गावांतून आलेल्या श्रोत्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे. ओढ्याकाठची झाडी आणि देवराईतला झाडोरा साफ करू नका. राबासाठी पाला लागतो हे मी जाणतो, तो बांधावरचा आणि मालकीतला घ्या. पडलेला पोकळ ओंडका जळणासाठी उचलण्याआधी दोनदा विचार करा. सशासाठी म्हणून लावलेलं फासकं दिसलं तर ते काढा आणि वनरक्षकाला कळवा. आणि तुमच्या गावात रानाची माहिती असलेली जी म्हातारी माणसं आहेत, त्यांना पिसोरी कुठे, कधी, कोणत्या झाडाखाली दिसली ते विचारून तारखेसह लिहून ठेवा. त्या वह्या जवळच्या महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागाकडे पोचवा. वाघाची गणना सरकार करतं. पिसोरीची नोंद तुम्हालाच ठेवावी लागेल.